पाखरांच्या सात ओळी

द्वारकाबाई तळ्यावर पोचली की आधी चपला काढायची. मूठभर बियाणं नाकाशी धरून वास घ्यायची. पाण्याच्या काठापासून पावलं मोजायची, ओठ न हलवता. पेरताना कुणी बोललं तर हात थांबायचा नाही, नुसतं 'हं' म्हणायची. करकोच्यांचा थवा उतरताना मात्र थांबायची आणि पदर सारखा करायची, पाहुणे आल्यावर करावा तसा.

हे सगळं भालचंद्रने तीन हिवाळे पाहिलं. मराठी घेऊन बी.ए. झालेला हा पोरगा जाफराबादला वाचनालयात कामाला होता. रविवारी सायकल मारत तळ्यावर यायचा.

पाणी ओसरलं की उघड्या गाळात गावकरी हरभरा पेरत. करकोचे तो उकरून खात. द्वारकाबाईचा दीर काकासाहेब सुतळी बॉम्ब फोडून त्यांना उठवायचा. तेव्हा तिने त्याच्याशी ठराव केला. पाण्यालगतच्या सात ओळी ती आपल्या बियाण्याने पेरणार. त्या पाखरांच्या. तिथंच त्यांचं पोट भरेल.

"आन पुढं आले तर?"

"तर फोडा तुमचे बॉम्ब. पर सातातली एक ओळ कमी पडू देणार न्हाई मी."

"वहिनी, पाखरायला बांध कळतो का?"

"भाऊजी, तुमाला तरी कुठं कळतो?"

पुढची पाच वर्षं बॉम्ब फुटला नाही.

२००१च्या जानेवारीत भालचंद्र भरतपूरचं राष्ट्रीय उद्यान पाहून आला. पाणथळीभोवती भिंत, फाटकावर तिकीट, जिकडेतिकडे दुर्बिणी. सायबेरियाहून येणाऱ्या पांढऱ्या करकोच्यांची एकच जोडी उरलेली. त्याने द्वारकाबाईला सगळं रंगवून सांगितलं.

"दोघंच?" ती म्हणाली. "मंग त्या दोघायसाठी पेरतं कोन?"

एवढी पुस्तकं वाचून भालचंद्रला हा प्रश्न पडला नव्हता.

त्याच साली कार्तिकात, पेरता पेरता ती खाली बसली. उठली नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून भालचंद्र तळ्यावर गेला. काकासाहेब आधीच काठावर उभा होता. बॉम्बची पिशवी त्याच्या हातात होती, गाठ तशीच. वर करकोचे ओरडत घिरट्या घालत होते.

"किती झाल्यात रे?" त्याने विचारलं.

भालचंद्रने मोजल्या. चार पुऱ्या. पाचवी अर्ध्यावर सुटलेली. तिथंच गाळात तिची बी टोकायची काठी उभी होती.