वाया पुणे

कंडक्टर काका डबल बेल दिल्याशिवाय गाणं सुरू होऊ देत नसत. हे मी अलंकारिक बोलत नाही. जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता आणि त्या खोलीच्या छताला एक खरी दोरी अन् खरी घंटी टांगलेली होती. गायक माइकसमोर उभा राहिला, तबलजीनं मान हलवली, की काका माउसचं बटण दाबत आणि मग दोरी दोनदा ओढत. गाणं थांबवायचं असलं की एकदाच. तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरी भाषा येत नव्हती, आणि ती शिकावी असं त्यांना वाटतही नव्हतं.

घंटी अर्थातच रेकॉर्ड होई. गाणं लग्नाचं असो की जयंतीचं, सुरुवातीला ट्रिंग ट्रिंग ठरलेलं. मी एकदा म्हटलं, "काका, ते घंटी कापून टाका ना." तर म्हणाले, "घंटी कापली तं गाडी सुटली हे कसं कळंन?" तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी एका भजनी मंडळाच्या गाण्यातून ती कापली. चौथ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावातून अख्खं मंडळ मृदंगासकट परत आलं. "आजूबाजूच्या साऱ्या गावायच्या गाण्यात घंटी हाय, आमच्याच गाण्यात काऊन नाही? आमी काय पाप केलं?" काकांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि घंटी जोडून दिली. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

मी त्या वेळी खताच्या दुकानाशेजारच्या टपरीवजा गाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देत असे. बी.कॉम. झाल्यावर घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा ते बरं होतं. कॉम्प्युटरवर इंग्रजी पाटी झळकली की काका जिना उतरून येत आणि म्हणत, "सुजाता, वरती ये. मशीन रुसली." पाटीवर बहुधा एवढंच लिहिलेलं असे की आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे पाठवायचा ते सांगा.

इथेच काकांची खरी हुशारी होती. गाणं करायला त्यांच्याकडे तीन प्रोग्राम होते. एक आवाज भरून घेई, दुसरा ढोलकी-तबला वाजवी, तिसरा व्हिडिओला गाणं जोडी. हे तिघं आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाचा आवाज कुणाकडे जाईल ते आपण ठरवून द्यावं लागतं. इंजिनिअर झालेली मुलंही तिथे गांगरतात. काकांनी मात्र भिंतीवर पांढऱ्या रंगानं वेळापत्रकच रंगवलं होतं. फलाट एक, माइक ते रेकॉर्डिंग. फलाट दोन, ढोलकी ते रेकॉर्डिंग, वाया मिक्सर. फलाट तीन, रेकॉर्डिंग ते व्हिडिओ, विनाथांबा. आवाज आला नाही की ते कॉम्प्युटरकडे न बघता भिंतीकडे बघत. "ढोलकी स्टँडावरून सुटली, पन पोचली नाही. म्हंजे मधात कोनीतरी उतरवली." मग ते मधल्या थांब्यावर जाऊन बघत, आणि खरोखर मिक्सरचा तो रस्ता बंद असे. मी पुढे या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं, पण इतकं सोपं मला कुणी शिकवलं नाही.

पिंपळगाव राजाहून माझ्या मावशीची गायन पार्टी आली आणि सगळं बिनसलं. सहा बाया, एक ढोलकीवाला. जयंतीसाठी चार गाणी भरायची होती आणि मावशीनं वर्षभर घसा जपला होता. आंबट चाखलं नाही, कुणाशी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ तयार झाला आणि काकांनी सगळ्यांसमोर लावला. पडद्यावर मावशी, निळी साडी, हात वर केलेला, आणि तिच्या तोंडून एखाद्या पोक्त तलाठ्याचा रेंगाळणारा आवाज. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशी मला म्हणाली, "सुजाता, हा माहा आवाज हाय का तुह्या मावसाजीचा?" आणि काका खुर्चीत मागे रेलून ताल धरत म्हणत होते, "फस्क्लास. काय आवाज लागला ताईचा."

चूक शोधायला मला संध्याकाळ झाली. सेकंदाला किती हजार वेळा आवाज मोजायचा, ती एका प्रोग्रामची मोजणी अठ्ठेचाळीसवर होती, दुसऱ्याची चव्वेचाळीसवर. आकडे दोन्हीकडे सारखे नसले की आवाज जड आणि संथ होतो. मी सांगितलं, तसे काका एकदम खुलले. "मंग बराबर हाय ना. एक गाडी अठ्ठेचाळीस शिटाची, दुसरी चव्वेचाळीसची. चार मानसं दाटीनं बसवले, म्हनून आवाज दबला." बायांना ते पटलं. मावशीलाही पटलं. गाणी दुरुस्त झाली, घंटीसकट पिंपळगावला गेली. मला मात्र वेगळीच शंका छळत होती. आवाज एवढा जड झालेला शेंबड्या पोरालाही कळला असता, तो काकांना कळला कसा नाही?

दुसऱ्या दिवशी मी एक वाईट काम केलं. काका एक गाणं ऐकत बसले होते, मी टेबलावरची वही घेण्याच्या निमित्तानं वाकले आणि स्पीकरचं बटण शून्यावर नेलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. काका त्यांच्याकडे बघत मांडीवर ताल देत राहिले आणि समेवर त्यांनी मान हलवली. सम अगदी अचूक होती.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि बटण दाखवलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ चष्मा पुसला. दोन्ही कान हळूहळू गेले होते. समोरासमोर बसून बोललेलं ओठांवरून कळे, गाण्यातलं जवळजवळ काही नाही. डॉक्टरांनी वयाचा दोष सांगितला होता आणि कानात घालायचं यंत्रही दिलं होतं. ते कपाटात होतं. "न्हाव्याले चष्मा असला तं चालते व माय," ते म्हणाले, "पन हात थरथरत असन तं त्याच्यापुढं कोन मान देते? गावात समजलं तं माह्याकडं एक मानूस गानं भराले येनार नाही. मंग पोरगा नाशिकले घेऊन जाईन. तिथं बाल्कनीत बसून काय करू, कबुतरं मोजू?"

मला त्यांचा रागही आला आणि गलबलूनही आलं. शेवटी मी फॉर्मचं काम दुपारपर्यंत आटपून वर बसायला लागले. काका पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या नजरेसमोर कोपऱ्यात, हातात पेन्सिल. पेन्सिल उभी केली की आवाज चढलाय, आडवी केली की पडलाय, कानावर ठेवली की कुणीतरी बेसूर आहे. काका डोळे मिटल्यासारखे करून, म्हणजे फटीतून माझ्याकडे बघून, गंभीरपणे म्हणत, "पेटी जराशी वरती जाऊन राह्यली." लोक थक्क होत. म्हाताऱ्याचे कान काय तयार आहेत, असं माझ्याच तोंडावर मला सांगत. एकदा मी सहज गाल खाजवायला पेन्सिल उचलली तर काकांनी एका बिचाऱ्या नवरदेवाच्या भावाला चार वेळा गायला लावलं.

अशी दोन वर्षं गेली आणि मला पुण्यात काम मिळालं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक कंपनी होती, तिथे आवाज साफ करायचं. मला मनापासून हवं होतं ते काम. पण काकांना सांगायला आठवडाभर जीभ रेटेना. त्यांचे कान मी घेऊन चालले होते, असंच मला वाटत होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "पुन्याच्या गाडीचं कोनत्या तारखेचं काढलं?" मी पेन्सिल खाली ठेवली. "बस्टांडावर तू शिंकली तरी मले समजते," ते म्हणाले. "रडू नको. रस्ता काढू."

रस्ता त्यांनी भिंतीवर काढला. फलाट चार, रेकॉर्डिंग ते व्हिडिओ कॉल, वाया पुणे. कल्पना अशी की गाणं भरण्याचा प्रोग्राम थेट कॉलच्या प्रोग्रामला जोडायचा, म्हणजे स्टुडिओतला आवाज जसाच्या तसा मला पुण्यात ऐकू येईल, आणि मी जे ऐकलं ते टाइप करून पाठवायचं. कॉम्प्युटरच्या पोटातच एक न दिसणारी वायर टाकावी लागते त्यासाठी. आम्ही तीन दिवस ती टाकत होतो, मी पुण्याच्या खोलीतून लिहून सांगत आणि काका तिकडे माउस धरून. पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी "हॅलो" म्हटलं आणि माझंच हॅलो तिकडे जाऊन सत्तर हॅलो होऊन परत आलं. शेजारच्या मुलीनं भिंत ठोकली. काकांनी पट्ट्या लाल झालेल्या पाहिल्या आणि म्हणाले, "गेलेली गाडी तेच प्रवासी घेऊन वापस आली. रिटर्न बंद कर." तिसऱ्या दिवशी फलाट चार सुरू झाला, चित्र बंद ठेवून, फक्त आवाजापुरता.

गिऱ्हाइकांना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. काकांकडे तोंड केलेल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत माझं लिहिणं उमटे आणि काका सांगत, "मशीन रिपोर्ट देऊन राह्यली." जळगाव जामोदच्या मशीनची कीर्ती पसरली. ती बेसूर ओळखते, ताल पकडते, एवढंच काय, 'वहिनींना पाणी द्या, घसा कोरडा पडलाय' असंही सांगते. मी संध्याकाळी काम संपवून हेडफोन लावून बसे आणि स्वतःला मशीन म्हणवून घेई.

मग दुसरबीडचे एक निवृत्त गुरुजी आले. लेकीकडे राहायला आले होते आणि त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं भरायचं होतं, बायकोवर लिहिलेलं. चांगलं गात होते. फक्त तिसऱ्या कडव्यात त्यांचा सूर खाली येत होता, दर वेळी त्याच ओळीवर. मी लिहिलं. काकांनी रिपोर्ट वाचून दाखवला. गुरुजींनी पुन्हा गायलं, पुन्हा तेच झालं, मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा गुरुजी थांबले. मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "मशीनले काय समजते माह्या बायकोचं? मी मशीनच्या सांगन्यावरून गानं बदलनार नाही. तुमी सांगा. तुमच्या कानाले काय वाटते?"

मी घाईनं टाइप केलं, 'सांगा की मलाही तसंच वाटतं.' माझं लिहिणं तिकडे पडद्यावर गेलं हे मला दिसत होतं. काकांनी ते वाचलं असणार. खुर्ची करकरली, आणि मग ते बोलले, नेहमीपेक्षा हळू.

"गुरुजी, मले आयकू येत नाही. तीन वर्षं झाले. मशीन बी काही नाही सांगत. पुन्यात आमची पोरगी बसली हाय, ते आयकते. तिनं म्हनलं का सूर उतरला, तं उतरलाच समजा. आता तुमाले जायाचं असन तं जा. गावात सांगायचं असन तं सांगा."

मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. गुरुजी उठतील, चपला घालतील, जिना उतरतील, असं सगळं मी कानांनी वाट बघत बसले. त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मग गुरुजी म्हणाले, "पोरगी हाय का? मंग आधीच सांगाचं ना राजेहो. तिले विचारा, कोनत्या शब्दावर उतरते."

मी टाइप करायला हात उचलला आणि मग तसाच खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझा माइक चालू केला. म्हटलं, "गुरुजी, मी सुजाता. तुम्ही त्या ओळीवर रडू आवरता, म्हणून सूर खाली येतो. आवरू नका. आलं तर येऊ द्या."

स्टुडिओच्या स्पीकरमधून माझा आवाज खोलीभर गेला असेल. काकांना फक्त पट्ट्या हललेल्या दिसल्या असणार.

"काय म्हनते ते?" त्यांनी विचारलं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ते काकांच्या कानाशी वाकून, अख्ख्या खताच्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बराबर म्हनते."