जुनी आवृत्ती, फक्त आठ दिवसांसाठी

ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेत सगळ्यांच्या सामायिक संगणकांचा मी एकटा रखवालदार. थंडगार खोलीत मशीनं घरघरायची आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

तिथे कंटेनर चालवायचं एक सॉफ्टवेअर होतं. कंटेनर म्हणजे डबाच, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेलं. पण डबा उघडायला एक छोटी फाइल लागायची, आणि ती कोणीही चालवली तरी सगळ्या मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालायची. तिच्यात भोक सापडल्याची सूचना आली, म्हणजे त्यातून शिरून कोणीही मालक बनू शकत होता. मी दुपारभरात नवी आवृत्ती बसवली, सगळ्यांना ऐटीत मेल टाकला आणि जुनी शेजारीच ठेवून दिली. डोंबिवलीच्या आमच्या घरात बिघडलेला मिक्सरही माळ्यावर जातो, भंगारात नाही. तिथे वाढलेला माणूस मी.

शिवाय एक विद्यार्थिनी विनवायला आलेली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पीएचडीच्या शेवटाला. खाडीतल्या गाळाचं तिचं गणित जुन्या आवृत्तीवर चाललेलं. दिवाळीआधी प्रबंध दिला नाही तर ठरलेली नोकरी जाणार होती.

"सर, आठ दिवस राहू द्या ना जुनं. आता बदललं नि बिनसलं तर मेलेच मी."

"अगं, आठ दिवसांनी काय होतंय! राहू दे."

नव्यावर तिचं काम चालतं का, हे बघायला दहा मिनिटं लागली असती. बघितलं नाही. तिचं गणित लांबत गेलं, आठ दिवसांचे दोन महिने झाले.

एका दुपारी ती माझ्यासमोर बसून भाकरी-जवळा खात होती. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या खात्यातून कोणीतरी फाइली उघडत होतं. एकेक. सावकाश.

"काय गं, घरी कोणाला पासवर्ड दिलायस?"

"कोणाला सर, आईला? ती टीव्हीचा रिमोटपण मलाच दाबायला लावते."

मी हसलो. फाइली उघडतच होत्या. हे काम सुरू कुठून झालं ते शोधलं, तर माझ्या जुन्या आवृत्तीतून, मालकाच्या अधिकाराने. तिचा घास हातातच राहिला. माझं तोंड बघून असणार.

नेटवर्कची वायर मी हाताने उपटली. आधी चुकीची उपटली, वरच्या मजल्यावर संचालकांची मीटिंग बंद पडली. मग बरोबर.

कोण होतं ते कधीच कळलं नाही. सगळ्याला हात लागू शकत होता, म्हणून कशावरच भरवसा उरला नाही.

"म्हणजे माझे आकडे चुकीचे आहेत?"

"माहीत नाही."

"मग बरोबर आहेत?"

"तेही माहीत नाही."

सगळं पुसलं. तिला गणित पहिल्यापासून करावं लागलं. नव्या आवृत्तीवर ते पहिल्याच फटक्यात चाललं. दिवाळी मात्र त्याआधी आली, आणि नोकरी गेली.

नंतर नोंदी चाळताना घुसखोराची पहिली खूण सापडली. मी कबूल केलेले आठ दिवस संपले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. ती अधूनमधून येते, माझ्या खुर्चीमागे उभी राहते.

"सर, जुनं काढलं ना?"

मी स्क्रीनवर दाखवतो. मागे वळून बघत नाही.