गोट्याने पारखलेलं छप्पर

घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीत सिमेंटचे पत्रे फक्त आमच्याच छपरावर होते. बाकी सगळीकडे कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मी चंद्रपूरची, सिंदेवाहीजवळच्या एका गावात शिक्षिका म्हणून गेलेली. नवरा बसवर कंडक्टर, त्याची ड्युटी गडचिरोलीकडची, चार दिवसांनी घरी यायचा. शेजारची बाई तलावात मासे धरायची, तिचा नवरा बांबूचं काम करायचा. आमचं नवं घर बघून बाई एवढंच म्हणाली, "दिसाले साजरं हाये."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोहफुलं वेचायचे दिवस. रविवारी दुपारी मी एकटीच घरात होते, चार महिन्यांची मुलगी पाळण्यात झोपलेली. आभाळ एकदम काळंनिळं झालं आणि पत्र्यावर कोणी दगड मारल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्या आवाजाला छपराला भोक पडलं आणि लिंबाएवढी गार पाळण्याशेजारी फुटली. मी मुलीला उचलून पलंगाखाली शिरले. वरून पत्र्याचे तुकडे पलंगावर पडत होते. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात दारातून बाई आत आली. डोक्यावर भात शिजवायचा मोठा गंज पालथा घातलेला. वाकून म्हणाली, "मास्तरीनबाई, पोट्टीले घट्ट धरा अन् माह्या पोटाशी या. चाला!"

आम्ही निघालो. अंगणात आल्यावर तिने गंज स्वतःच्या डोक्यावरून काढून आमच्या डोक्यांवर धरला. पंधरा-वीस पावलांचंच अंतर, पण ते तिने उघड्या डोक्याने चालून काढलं. तिच्या घरात पोचल्यावर दिसलं, गंज धरलेला उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला होता आणि कपाळावर टेंगूळ आलं होतं. मला रडूच आलं.

"रडता काऊन? पोट्टी तं मस्त पाहून राह्यली," ती म्हणाली.

तिच्याही छपराचे कवेलू फुटत होते. पण कवेलूंखाली तिच्या नवऱ्याने विणलेला बांबूचा तट्टा अंथरलेला होता. गारा आणि खापरं त्यावरच अडकत होती. खाली फक्त पाणी ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. फुटलेलं घर त्याने फिरून बघितलं. मग म्हणाला, तेच पत्रे पुन्हा टाकू, दोन दिवसांत काम होईल. स्लॅब आमच्या आवाक्यात नव्हता. बाईचा म्हातारा नवरा भिंतीपाशी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "भाऊ, घाई नका करू. आधी गाव पाहून येऊ."

तो आम्हाला घरोघर घेऊन फिरला. प्रत्येक छपराखाली उभा राहून वर बघायचा. जिथे उतार कमी, तिथे कवेलूंचा चुरा झालेला. जिथे उतार जास्त, तिथे बऱ्याच गारा घसरून गेलेल्या. पाटलाच्या गोठ्यावरच्या जाड लोखंडी टिनाला नुसते पोचे आले होते. दुसऱ्या एका घराचं टिन मात्र पातळ, खालचे बांबूही हात-हात अंतरावर, ते खिळ्यांपाशी फाटलं होतं. "मार टिनच खाते, पण त्याले खालून आधार पाह्यजे," म्हातारा म्हणाला.

टिन घ्यायला आम्ही सिंदेवाहीला गेलो तेव्हा बाई सोबत आली. दुखरा हात फडक्यात बांधलेला, डाव्या हातात पिशवी. दुकानात तिने पिशवीतून वाटीएवढा नदीतला गोटा काढला.

दुकानदार म्हणाला, "बाई, टिन विकाले ठेवलं, कुटाले नाई."

"गार का विचारून पडते, भाऊ?"

दुकानात बसलेली माणसं हसली. दुकानदारही हसला आणि आतून तीन तुकडे घेऊन आला. स्टूलही त्यानेच दिलं. चार विटांवर तुकडा ठेवायचा, बाईने स्टूलवर चढून गोटा सोडायचा. सिमेंटच्या पत्र्याचे पहिल्याच वेळी दोन भाग झाले. पातळ टिन खोल दबलं. जाड टिनावर गोटा दणकन आदळून उडाला, दुकानदाराच्या पायापाशी गेला. तुकड्यावर नखाएवढा पोचा होता. बाईने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हेच बांधा."

छप्पर म्हाताऱ्याने घातलं. आढं हातभर उंच करून घेतलं, बांबू वीत-वीत अंतरावर बांधले. टिन तापतं म्हणून खाली तट्टा ठोकला. आठ दिवस तो वर आणि मी शाळेतून आले की खाली, सुतळी-बांबू वर देत. नवरा रजा काढून त्याच्या हाताखाली राबला. त्या आठ दिवसांत आमची चूल पेटलीच नाही, बाईने पेटू दिली नाही. रोज दुपारी भात आणि माशांचा रस्सा कुंपणावरून यायचा.

चार वर्षांनी पुन्हा गारा आल्या, त्याच वेगाने. बाई आणि म्हातारा आमच्याकडे धावत आले. टिनावर इतका आवाज होत होता की बोलणं शक्य नव्हतं. म्हातारा मान वर करून, डोळे बारीक करून एकेक कोपरा बघत होता. मुलगी बाईच्या मांडीवर कानांवर हात ठेवून बसली होती. गारा थांबल्यावर म्हातारा शिडी लावून वर चढला आणि वरूनच ओरडला, "एकबी भोक नाई!" नवऱ्याने त्याला खाली उतरू दिलं आणि मिठीच मारली. म्हातारा लाजला.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून लोक आमचं छप्पर बघायला यायचे आणि म्हाताऱ्याला बोलावून न्यायचे. कोणी मला विचारलं की मी त्याच्याच घराकडे बोट दाखवायची.

माझी बदली गडचिरोलीला झाली. निघताना मी बाईच्या पाया पडायला वाकले, तर तिने दोन्ही खांदे धरले.

"तुमी मास्तर, तुमी काऊन पडता?"

मी ऐकलं नाही. मुलीला पुढे केलं, ती वाकली, आणि तिच्या मागोमाग मीही वाकलेच.