बूट काढून बसा

औरंगाबादेतल्या पोलिसांना भर वर्गात बूट काढायला लावणारी बाई एकच झाली, आणि ती माझी थोरली नणंद होती. शहराचं नाव पुढं बदललं, साहेबलोक तर कॅलेंडरसारखे बदलले, पण आक्कांचा हुकूम कुणाला बदलता आला नाही. आक्का चितेगावच्या. अंगानं काटकुळ्या, आवाजानं पाटील. छातीत जुना दमा, त्यामुळं त्या येण्याआधी त्यांचा खोकला यायचा: दोनदा कोरडा, मग एक लांब. तो ऐकला की माझे यजमान, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, विडी विझवून देवघरात जाऊन बसायचे. भाजी घ्यायला गेल्या तर भाजीवालीच्या शेजारीच बसायच्या आणि तिची गिऱ्हाइकं परत पाठवायच्या, ‘भेंडी जून हाय, उद्या ये.’ मोसंबं सोलून फोडीतली एकन् एक बी काढल्याशिवाय त्यांनी ते कधी कुणाच्या हातावर ठेवलं नाही. माझ्या लग्नात माझ्या मिशाळ वडलांनाही त्यांनी तशाच फोडी दिल्या होत्या, तान्ह्या मुलाला द्याव्यात तशा.

बिया काढायची ही सवय त्यांना लागली ती त्यांच्या एकुलत्या एका मुलापायी. दिगूला लहानपणी घशात बी अडकली होती, एवढंच निमित्त. तो कॉलेजात असताना त्याला उजव्या कानात माणसं बोलताना ऐकू यायला लागली, ती पुन्हा कायमची कधी गेली नाहीत. औषधं नीट चालू असली की तो अंगणात बसून शेंगा सोलायचा. बिनसलं की घराबाहेर पडायचा आणि कुठंतरी कोपरा धरून, कान दाबून बसायचा. असाच एकदा परक्या गल्लीत बसला असताना लोकांनी चोर समजून पोलीस बोलावले. बुटांचा आवाज आला, ‘ए, नाव सांग’ म्हणून दरडावणं झालं, दिगू पळाला, आणि त्याला धरताना त्याचा हात मोडला. प्लास्टर निघालं, हात बरा झाला; आक्का झाल्या नाहीत. नवरा आधीच गेलेला. ‘मी हाय तवर ठीक,’ त्या म्हणायच्या. ‘मी गेल्यावर ह्यो कुठंतरी बसंल अन् कुणीतरी पोलीस बोलावंल. येणारा कसा येईल, एवढंच मला बघायचंय.’

मग आक्कांनी पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीबाहेरचा बाक धरला. रोज डबा घेऊन जायच्या, तिथंच जेवायच्या, शिपायाला लोणचं वाढायच्या. शेवटी साहेबच जेरीस आले. म्हणाले, पोलीस लाईनीतल्या हॉलमध्ये नव्या शिपायांचा एक तास घ्या, पण बाक सोडा. सोबतीला मी गेले. मी तेव्हा पोस्टानं मानसशास्त्राचं एम.ए. करत होते, म्हणजे पहिल्या वर्षात बसून दुसऱ्या वर्षाच्या गप्पा मारत होते. कडक इस्त्रीचं पातळ, काखेत जाड पुस्तकं, अंबाड्यात उगाच खोचलेलं पेन. सुरुवात अर्थात मीच केली. मनाचे प्रकार, आजारांचे प्रकार, प्रकारांचे पोटप्रकार. माझं ऐकून पुढच्या रांगेतले जमादार इतके शांत झाले की घोरायला लागले. मागून आक्का म्हणाल्या, ‘कुसुम, तुझ्यानं बिथरलेला माणूस शांत व्हतो का नाय ठाऊक नाय, पोलीस मात्र लई व्हतो. बस आता.’

त्यांनी काठ्या दाराशी उभ्या करायला लावल्या, पावसाळ्यात छत्र्या ठेवतात तशा. पट्टे, टोप्या, बूट, सगळं बाहेर. कुणाच्या मोज्यातून अंगठा निघाला, कुणाच्या टाच, आणि अख्खा वर्ग लाजून पाय मुडपून बसला.

‘माय, सायबानं बघितलं तर सस्पेंड करतेल,’ एकजण म्हणाला.

‘करू दे. पायाला वारं तरी लागंल.’

मग आक्का स्वतःच दिगू झाल्या. केस सोडले, कोपऱ्यात बसल्या, उजवा कान दाबला आणि भिंतीशी पुटपुटायला लागल्या. एकेकानं उठून जवळ यायचं. जो ‘नाव काय’ म्हणायचा त्याला चप्पल बसायची, कारण दिगूच्या कानातली माणसं त्याच्या नावानंच ओरडायची. चुकलेल्याला बाजूला सारून आक्का स्वतः करून दाखवायच्या. दारापासून निघायच्या, दम्यानं वाटेत खोकायच्या, डावीकडनं येऊन हातभर लांब जमिनीवर बसायच्या, मोसंबं सोलायच्या आणि हळूच विचारायच्या, ‘आज भाजी काय व्हती?’ दिगूचं कितीही बिनसलेलं असो, जेवणाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही. पोरं जिवाचे कान करून सगळं ऐकत होती, खोकलासुद्धा. मला भूमिका मिळाली ती गल्लीतल्या कजाग बाईची. ‘तुला शिकवायला नाय लागायचं,’ आक्का म्हणाल्या, ‘माझ्या भावावर रोज वरडतीस तसं वरड.’ मी ओरडले. झोपलेले जमादार सलाम ठोकत उठले. त्यानंतर दर तुकडीला तो तास ठरूनच गेला; पुढं दम्यानं आक्कांना जाणं जमेना, तेव्हा जमादारच तो घ्यायला लागले.

त्या पहिल्या दिवशी परतताना रिक्षात मी वाद घातला. ‘आक्का, हे सगळ्यांना कसं लागू पडेल? प्रत्येकाचा आजार वेगळा. तुम्ही अख्ख्या खात्याला एकट्या दिगूचा अभ्यास शिकवताय.’

‘व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘मला काय सगळे मागं ठिवून जायचेत? एकच ठिवून जायचाय.’

माझं म्हणणं खरं ठरायला वेळ लागला नाही. छावणीच्या बाजारात बिथरलेल्या एका माणसाला आमच्या शिष्यानं मोसंबं दिलं, ते त्यानं शिष्याच्याच टाळक्यात हाणलं. मी विजयी मुद्रेनं बातमी घेऊन गेले. आक्कांनी विचारलं, ‘काठीनं कुणाचं डोकं फुटलं का?’ नव्हतं फुटलं. ‘मग मोसंबंच गेलं की एक.’ माझं एम.ए. राहूनच गेलं.

आक्का एका हिवाळ्यात गेल्या. दिगू आमच्याकडं राहायला आला. तो रडला नाही. नुसता थोड्या थोड्या वेळानं दाराकडं बघायचा, खोकला येतो का म्हणून. गोळ्या जिभेखाली धरून मागं अळूत थुंकायचा, हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांना उशिरा कळलं. एका दुपारी जेवणं झाल्यावर बघतो तर अंगणात शेंगा तशाच, दिगू नाही.

तो मुकुंदवाडीच्या स्टेशनावर जाऊन फलाटाच्या कडेला बसला होता, पाय रुळांवर सोडून, कान दाबून. गाडीची वेळ झालेली. लोक लांबून ओरडत होते, आणि प्रत्येक ओरडण्यासरशी तो थोडा पुढं सरकत होता. घरी जायला निघालेली एक तरुण पोलीसबाई तिथं होती. तिनं आधी लोकांना गप्प केलं. बूट काढले. फळवाल्याच्या पाटीतून मोसंबं उचललं, आणि जवळ जाता जाता ती खोकली. दोनदा कोरडं, मग एक लांब.

दिगूनं कानावरचा हात काढून मागं वळून बघितलं.

ती डावीकडं हातभर लांब बसली. ‘आज भाजी काय होती?’

‘शेपू,’ दिगू म्हणाला. तिनं पुढं केलेली फोड घ्यायला तो वळला, तेव्हा त्यानं पाय वर घेतले. गाडी आली आणि गेली.

हे सगळं तिनंच मला सांगितलं, दिगूला घरी आणून सोडल्यावर, माझ्या ओट्याला टेकून चहा पिताना. आक्कांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. ‘आमच्या जमादारांनी शिकवलं,’ ती म्हणाली, ‘त्यांना त्यांच्या जमादारांनी. पण मावशी, एक सांगा. बाकीचं कळतं, ते आधी खोकायचं कशाला असतं? लई घोकून घेतात. चुकलं की दारापासून परत यायला लावतात. कारण इचारलं तर कुणालाच माहीत नाय.’

मी तिच्या बशीत आणखी चहा ओतला. ‘तसा नियमच आहे,’ म्हटलं.

ती गेल्यावर दिगू तक्रारीच्या सुरात म्हणाला, ‘मामी, तिनं बिया नाय काढल्या.’

म्हणून पुढच्या तुकडीच्या वर्गाला मीच गेले, गुडघे धरत, पुस्तकांशिवाय. बियांचं सांगायचं होतं. खोकला हा काही पाठ नव्हता, दमा होता, हेही एकदा सांगून टाकावं असं वाटेत ठरवलं होतं. हॉलच्या दाराशी काठ्या उभ्या होत्या, बुटांची रांग लागली होती, आणि आत कालपरवा भरती झालेली पोरं मोजे घालून गप्प बसली होती. दिगू माझ्याहून पुष्कळ लहान आहे. मागं तोच राहणार. मी उंबऱ्यात थांबले, पदर सावरला, आणि खोकले. दोनदा कोरडं, मग एक लांब.