जरीचा पट्टा आणि आत मी

आमच्या घरात माणसांपेक्षा कमरेचे पट्टे जास्त होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, भाईंदरला मिठागराच्या कचेरीत कारकून. जन्मात बंदूक धरली नाही, पण गोऱ्या लष्करी साहेबांचा समारंभाचा जुना पट्टा दिसला की माणूस विरघळायचा. भंगारातून आणायचे आणि खाऱ्या हवेपासून तान्ह्या पोरासारखे जपायचे. (मी तान्हा असताना मला एवढं जपलं नव्हतं, असं आई सांगायची.) खरं सांगतो, त्यातला चांदीच्या जरीचा एक रुंद पट्टा बघून माझेही डोळे दिपायचे.

सन सत्तरच्या सुमारास मला घोडबंदरची मुलगी सांगून आली. फोटो बघूनच मी गार झालो. पण तिचे वडील निवृत्त सुभेदार. आधीचं एक स्थळ त्यांनी ‘मुलगा पोक काढून बसतो’ म्हणून परत पाठवलेलं, आणि माझं पोक तर जगजाहीर!

अण्णांनी काळजावर दगड ठेवून जरीचा पट्टा काढला. “घाल. आपोआप ताठ राहशील.”

आईनेही हातभार लावला. देवाचा तांब्या घासावा तसं चिंच-मीठ लावून बकल लखलखीत केलं. चिंच आतच राहिली.

घोडबंदर येईपर्यंत ती वाळून बकल गच्च बसलं होतं. नमस्काराला वाकता येईना, म्हणून मी उभ्यानेच हात जोडले. सुभेदारांच्या भुवया वर गेल्या. मग पोहे झाले, आग्रहाचा शिरा झाला. पोट वाढलं, पट्टा ढिम्म.

“अण्णा, सुटत नाहीये,” मी कुजबुजलो. “जीव घुसमटतोय.”

“ओढू नकोस. जरीची तार तुटेल.”

“आणि मी?”

“तू भरून येशील.”

सुभेदारांनी ते ऐकलं. संपलं लग्न, म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी आत हाक मारली, “खोबरेल आण गं.”

मुलगी वाटी घेऊन आली. सुभेदारांनी मला धरलं, अण्णांनी जरीवर थेंब पडू नये म्हणून खाली धोतराचा सोगा धरला, आणि ती बकलात तेल सोडत राहिली. शेवटी सुटलं एकदाचं. अण्णांनी आधी पट्टा पुसला, मग मला विचारलं, “बरा आहेस ना?”

सुभेदार बघतच राहिले. म्हणाले, “परक्या साहेबाचा पट्टा जे घर इतका जपतं, ते माझ्या पोरीला जपेल. आमच्याकडून पक्कं.”

लग्नानंतर मी बायकोला लाडात विचारलं, “माझ्यात काय बघून हो म्हणालीस?”

“पट्टा,” ती म्हणाली. “तुम्ही आत होतात, म्हणून तुम्हालाही घ्यावं लागलं.”