सेतुरावांचं व्हालरोश

१९५७ सालच्या जून महिन्यातला दुसरा रविवार. वेळ सकाळी साडेसहा ते सव्वाआठ. अंतर साडेसहा किलोमीटर. हजर माणसं पाच: सेतुराव, त्यांच्या पत्नी रुक्माबाई, शेजारचे निवृत्त तारमास्तर अय्यर, माझी पत्नी सुशीला आणि मी. आम्ही फ्रान्समधल्या व्हालरोश नावाच्या खेड्यात नदीकाठाने पाणचक्कीपर्यंत गेलो, तिथून मोडक्या किल्ल्याच्या टेकडीवर चढलो आणि चेस्टनटच्या रानातून उतरून गावात परत आलो. यातलं एकही पाऊल कुणी टाकलं नाही. मद्रासच्या मैलापूरला सेतुरावांच्या पुढच्या खोलीत आम्ही पाहुणे चटईवर बसलो होतो.

त्याच्या आठवडाभर आधीच आम्ही कऱ्हाडहून मद्रासला आलो होतो. नुंगंबाक्कमच्या ज्या कंपनीत मी हिशेबनीस म्हणून लागलो, तिथे सेतुराव पत्रव्यवहार पाहत. कंपनी फ्रान्सहून यंत्रं मागवायची आणि कचेरीत फ्रेंच येणारे ते एकटेच. मी मराठी आहे हे कळताच ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुम्ही देशांतले, आम्ही तंजावरचे. आमची मराठी ऐकून हसूं नका. रविवारीं सकाळीं घरीं या, फिरावयास जाऊं." मला वाटलं, समुद्रावर जायचं असेल. नवे बूट घालून गेलो. ते बूट दोन तास दाराबाहेर राहिले.

खोलीच्या भिंतीवर हाताने काढलेला एक मोठा नकाशा होता. मधोमध चर्च, त्याच्याभोवती घरं, नदी, टेकडी, दगडाची खाण, द्राक्षांचे मळे. हाती वेताची छडी घेऊन सेतुराव उभे राहायचे, "शरि, बरें, निघूं या" म्हणायचे आणि छडी चर्चच्या दारातून बाहेर पडायची.

हे गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे वडील फ्रेंचांच्या ताब्यातल्या कारैक्कालला कारकून होते आणि सेतुराव तिथल्या फ्रेंच शाळेत शिकले. शाळेतल्या मास्तरांनी भाषेचा सराव व्हावा म्हणून प्रत्येक मुलाला फ्रान्समधल्या एकेका मुलाचा पत्ता दिला होता. बाकीच्या मुलांची पत्रं वर्षभरात बंद पडली. सेतुरावांची चालू राहिली. पलीकडचा ल्युसियाँ मोठा होऊन त्याच गावचा पोस्टमन झाला. महायुद्धातली पाच वर्षं सोडली तर दर महिन्याला त्याचं एक पत्र येई. पोस्टमनच तो, त्याला प्रत्येक पायवाट तोंडपाठ. कुठे ओढा ओलांडायला दगड टाकलेत, पावसानंतर अळंबी कोणत्या झाडाखाली उगवतात, पोहायला डोह कुठे, मासे गळाला कुठे लागतात, रविवारी म्हातारे लोखंडी गोळ्यांचा खेळ कुठे खेळतात, हे सगळं तो मीटरांत अंतर देऊन लिहायचा. सेतुराव ते नकाशावर चढवायचे.

आम्हाला ते भरभर चालू देत नसत. "सावकाशीं, सावकाशीं. डोंगर कोठें पळून जातो की काय?" किल्ल्याचा चढ आला की ते खरोखर थांबून श्वास घेत. सुशीलेने एकदा विचारलं, "सेतुराव, वर काय आहे?" त्यावर म्हणाले, "वर कांहीं नाहीं. चार भिंती आणि वारा. परंतु चढून न गेल्यास 'कांहीं नाहीं' हें तरी कसें कळावें?"

अय्यरांचा गुडघा दुखायचा. त्यामुळे ते टेकडी कधीच चढले नाहीत. पाणचक्की आली की तमिळमध्ये म्हणत, "तुम्ही जाऊन या. मी इथेच बसतो." आणि चटईवरच जरा मागे सरकून भिंतीला टेकत. आम्ही किल्ला पाहून खाली येईपर्यंत ते एक शब्द बोलत नसत, कारण ते तिथे नव्हतेच. परतताना सेतुराव छडी पाणचक्कीपाशी आणून हाक मारत, "तारमास्तर, उठा, आलों." मगच अय्यर पुढे सरकत. पहिले दोन-तीन रविवार मला हे पोरकट वाटलं, हे कबूल करतो. चौथ्या रविवारी मी स्वतः अय्यरांना हाक मारली.

रुक्माबाई दारातच उभ्या असायच्या. "वीस वर्षं चालतां आहांत," त्या म्हणत, "अजून एका गांवाच्या बाहेर पडलां नाहीं. बाजाराची पिशवी मात्र हातीं दिली की पाय दुखतात." सेतुराव छडी न थांबवता म्हणत, "मंडईत नदी आहे काय?"

१९६२च्या ऑगस्टमध्ये सुट्या भागांच्या बिलांत तफावत निघाली आणि कंपनीने एका इंजिनियरबरोबर मला तीन आठवडे फ्रान्सला पाठवायचं ठरवलं. सेतुरावांना पाठवावं असं मी साहेबांना सांगून पाहिलं. पण त्यांना दम्याचा त्रास, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. कारखान्यापासून व्हालरोश बेचाळीस किलोमीटर. मला एक रविवार मोकळा मिळणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नकाशाची लहान प्रत आणि चालण्याचा क्रम लिहिलेला कागद दिला. मला वाटलं, आनंदात असतील. पण ते म्हणाले, "केशवराव, तुम्ही आंकड्यांचे मनुष्य. बरोबर तें बरोबर म्हणाल, चूक तें चूक. मज रात्रीं झोंप येत नाहीं. मी कागदावरून गांव बांधला. तो तसा नसल्यास इतकीं वर्षं या लोकांस मी कोठें नेत होतों?" मग म्हणाले, "नसल्यास नाहीं म्हणून सांगा. परंतु आधीं मज एकट्यास सांगा."

मी समुद्रकाठी मरीनावर जाऊन पावलं मोजली. माझी शंभर पावलं म्हणजे बहात्तर मीटर. तेवढी तयारी करून गेलो.

रविवारी सकाळी साडेआठला बस व्हालरोशच्या शाळेपाशी थांबली. कागदावर लिहिलं होतं, 'सूर्याकडे तोंड करून सरळ चालावें. सहाशें मीटरवर नदी.' मी बसमधून उतरलो तिथूनच चाललो. आठशे तेहेतीस पावलं झाली. समोर गोठा आणि भुंकणारा कुत्रा. आणखी दोनशे पावलं गेलो. द्राक्षांचे मळे. नदीचा मागमूस नाही. डावीकडे टेकडी हवी होती, तिथे दगडाची खाण. मी कुंपणापाशी उभा राहिलो. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. मैलापूरच्या त्या खोलीत परत जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग मनात आलं, हिशेब चुकला की आपण पहिल्या आकड्यापासून तपासतो. ल्युसियाँची सगळी मापं चर्चच्या दारापासून होती. मी परत फिरलो, चर्च शोधलं. सूर्य चर्चच्या पाठीमागे होता आणि दार सावलीत. दारासमोर उतार होता आणि उताराच्या तळाशी नदी चमकत होती.

चर्चचं दार पश्चिमेला होतं. देवळाचं दार पूर्वेलाच असतं, तसं चर्चचंही, असं सेतुरावांनी न विचारता धरलं होतं. ल्युसियाँने कधी दिशा लिहिलीच नव्हती, तो 'समोर, डावीकडे, उजवीकडे' एवढंच लिहायचा. मी कागद उलटा धरला. त्यानंतर एकही माप दहा पावलांपेक्षा जास्त चुकलं नाही. ओढ्यातले दगड सात लिहिले होते, सातच होते.

ल्युसियाँ ठरल्याप्रमाणे अकराला घरी भेटला. लाल तोंडाचा, जाड मिशांचा म्हातारा. मला फ्रेंच येत नव्हतं आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि कपाटातून एक नकाशा काढला. मैलापूरचा! सेतुरावांच्या पत्रांवरून त्यानेही गाव बांधलं होतं. देवळाचं दार त्याने आपल्या चर्चसारखं पश्चिमेला काढलं होतं, समोर तलाव. मी बघतच राहिलो. मैलापूरचा शंकर, म्हणजे कपालीश्वर, खरोखरच पश्चिमेकडे पाहतो आणि तलावही त्याच बाजूला आहे. त्याची चूक बरोबर ठरली होती.

दुपारी तो मला पाणचक्कीपाशी घेऊन गेला. तिथे चिंचोळ्या सावलीत एक सपाट दगड होता. ल्युसियाँने त्यावर थाप मारली, आपला गुडघा धरून तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्याने म्हणाला, "अय्यर!" मी हसलो, मग डोळे पुसले. किल्ला चढायला निघताना त्याने त्या रिकाम्या दगडाला हात करून निरोप दिला.

मद्रासला परतल्यावर मी लगेचच्या रविवारी गेलो. सगळे जमले होते. मी सेतुरावांना म्हणालो, "जरा बाहेर येता?" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची छडी खाली आली. पण ते म्हणाले, "नको. येथेंच सांगा. हेही माझ्याबरोबरच चालले आहेत."

मी सांगितलं. नदी आहे, टेकडी आहे, खाण, पाणचक्की, सात दगड, सगळं आहे आणि मापात आहे. पण चर्चचं दार पश्चिमेला आहे. आपल्या नकाशात सगळं गाव उलटं बसलं आहे.

सेतुराव नकाशाकडे पाठ करून उभे होते. तेवढ्यात दारातून रुक्माबाई म्हणाल्या, "आपला कपालीश्वर कोणीकडे पाहतो? रोज दर्शनास जातां की! त्यास पश्चिम चालते, आणि तिकडल्या देवास तेवढें पूर्वेस बसवलेंत?"

आधी अय्यर हसले, मग सुशीला, आणि मग सेतुराव असे हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन ते म्हणाले, "म्हणजे गांव आहे! माझीच पाठ फिरलेली होती." मग अय्यरांना मी दगडाची हकिकत सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "पाठ टेकायला काही आहे का?" मी म्हटलं, "मागे भिंत आहे." त्यांनी समाधानाने मान हलवली. "ते मला माहीत होतं."

नवा नकाशा काढायला सेतुरावांना सोळा दिवस लागले. तो टांगल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नदी पूर्वेला आहे म्हणून ते आम्हाला नेहमी सकाळीच नेत आले होते. "नदी पश्चिमेस, म्हणजे संध्याकाळीं सूर्य तेथें पाण्यांत उतरत असणार," ते म्हणाले, "आणि मी एकदांही पाहिला नाहीं!" त्या रविवारी त्यांनी आम्हाला प्रथमच संध्याकाळी साडेपाचला बोलावलं.

आम्ही दारातून निघालो, उतार उतरलो, काठावर जाऊन उभे राहिलो. छडी नदीवर थांबली. एरवी तिथे ते पोहण्याच्या डोहाबद्दल, माशांबद्दल खूप बोलायचे. त्या दिवशी नुसते पाण्याकडे पाहत राहिले. खोलीत हळूहळू अंधारून आलं. नकाशावरची अक्षरं दिसेनाशी झाली. तिन्हीसांज झाली म्हणून रुक्माबाई आतून आल्या आणि त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," सेतुराव हळूच म्हणाले. "अजून मावळला नाहीं."

रुक्माबाईंनी हात मागे घेतला. मग त्याही चटईवर येऊन आमच्याशेजारी बसल्या.