पाठमोरे काका

आमचे घरमालक काका मुलाची बास्केटबॉलची मॅच बघायचे, पण ऐन क्षणी पाठमोरे होऊन. ओमीला फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कोणी न अडवता रेषेवरून बॉल बास्केटमध्ये टाकायची संधी, की काका टीव्हीचा आवाज बंद करून फ्रिजकडे तोंड करत. "बघ गं बाळा. गेला तर 'झालं' म्हण. नाही गेला तर काही बोलू नकोस."

हे काम मला जमण्यासारखं होतं. अमेरिकेत शॉमबर्गमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले तेव्हा मी फार बोलतच नसे. इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी वाक्य आधी मनात तपासून घ्यायची. इथे एका शब्दात भागत होतं.

ओमी इथेच वाढला आणि स्पेनच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायला गेला. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे रविवारचं जेवण मॅचपायी अडून राही. विरुद्ध टीमचा कोच पाणी प्यायला तरी काका "फाउल!" म्हणून ओरडत. मराठी मंडळात कोणी विचारलं, "ओमी नोकरी कधी धरतोय?" तर म्हणत, "नोकरीच करतोय. फक्त चड्डीत."

त्या वर्षी टीम तळाला होती, आणि तळातल्या टीम्सना खालच्या लीगमध्ये जावं लागतं. ओमी फोनवर म्हणाला, "खाली गेलो तर आय अ‍ॅम डन, बाबा. घरी येतो."

"असं बोलायचं नाही," काकांनी दटावलं. त्याच आठवड्यात त्यांनी त्याच्या खोलीतला बल्ब बदलला आणि दिवा लावूनच ठेवला.

शेवटची मॅच. टीम एका पॉइंटने मागे, वेळ संपलेली, आणि ओमीला एक फ्री थ्रो. गेला तर बरोबरी आणि जादा पाच मिनिटं. नाही तर सगळं संपलं. काका वळले. काकू पोळी लाटता लाटता थांबल्या.

बॉल रिंगवर दोनदा आपटला आणि आत पडला. माझा आवाजच फुटेना.

काकांनी फ्रिजच्या दाराला कपाळ टेकलं. "असू दे," ते पुटपुटले. "येऊ दे घरी. किती दिवसांत समोर बसून जेवला नाही."

"झालं, काका," मी कशीबशी म्हणाले. "आत गेला."

काका डोळे पुसत वळले आणि ओरडले, "फाउल! एवढा वेळ लावतात का सांगायला?" काकू हसल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

जादा वेळेत टीम जिंकली. ओमीने आणखी एका वर्षाचा करार केला. काकांनी मंडळात पेढे वाटले, आणि घरी येऊन त्याच्या खोलीतला दिवा बंद केला.

पुढे नोकरी बदलून मी दूर अ‍ॅशबर्नला राहायला आले. रविवारी अजून काकांचा फोन येतो, "मॅच लावलीस का?" फ्री थ्रो आला की पलीकडचा आवाज थांबतो. काका फ्रिजकडे वळलेले असतात. बॉल आत गेला की मी "झालं" म्हणते. नाही गेला, तरी आता गप्प राहत नाही.

"नाही गेला, काका. मी आहे फोनवर."